मालकांचा खंदक
आमच्या गावचे देशमुख म्हणजे अकलेच्या नावाने आनंदच होता. वाटूरच्या अलीकडे आमचं गाव, गावात त्यांची पांढऱ्या मातीची गढी, आणि गढीपेक्षा मोठा त्यांचा तोरा. एकदा जालन्यात कुणा पाद्र्याच्या सामानाचा लिलाव झाला, तेव्हा त्यांनी कातडी बांधणीचं एक इंग्रजी पुस्तक उचललं. विलायतेतल्या समुद्रकाठच्या एका किल्ल्याचा तो इतिहास होता. मालकांना त्यातली चित्रंच तेवढी कळत. उर्दूतून मॅट्रिक झालेला आणि थोडंफार इंग्रजी येणारा गावात मी एकटाच, म्हणून वाचायला मला बोलावलं. आपल्या गढीचाही असाच इतिहास लिही, तुला तहसील कचेरीत नोकरीला चिकटवून देतो, असं म्हणाले. मी लगेच गेलो.

रोज सकाळी मी वाचून मराठीत सांगे. नॉर्मन नावाचे लोक समुद्र ओलांडून आले, त्यांनी मुलूख जिंकला. त्यांच्यातल्या एका सरदाराने कड्यावरची जागा हेरली आणि तिथल्याच हरलेल्या लोकांकडून खडकात खंदक खोदून घेतला. मग लाकडी बुरूज, मग दगडी. मग नातवंडांची भांडणं, वेढे, फितुरी. शेवटी समुद्राने निम्मा किल्ला गिळला आणि उरलेल्यात मेंढ्या चरू लागल्या. एवढ्या सगळ्यातून मालकांच्या डोक्यात काय शिरलं, तर खंदक.

"पाणी व्हतं का रे त्या खंदकात?"

पुस्तकात स्वच्छ लिहिलं होतं, की खंदक पहिल्यापासून कोरडा. पण मालक इतके रंगात आले होते आणि मला कचेरीतली खुर्ची इतकी स्पष्ट दिसत होती, की मी म्हणालो, "व्हतं जी. काठोकाठ."

झालं. दुसऱ्या दिवसापासून वेठबिगार सुरू, घरटी एक माणूस. उन्हाळा तोंडावर आला तोवर गढीभोवती खंदक तयार झाला आणि ओढ्याला बांध घालून त्याचं पाणी त्यात वळवलं. समुद्र सोडा, जालन्याच्या पुढे कधी न गेलेला हा माणूस हातात काठी घेऊन काठावर येरझाऱ्या घालायचा, जणू पलीकडून कुणी जहाजं आणणार होतं! पाण्यावर शेवाळ धरलं, डास झाले. कुणी घागर बुडवू नये म्हणून वर पहारा बसला. खाली ओढ्याच्या वाळूत झिरे उकरून बायका वाटीवाटीने पाणी भरत, ते झिरे चैत्रात आटले.

आई कोसभर चालून दुसऱ्या गावच्या विहिरीवर जाऊ लागली. एक दिवस मी तिच्या सोबत होतो. वाटेत बायका मालकांच्या नावाने बोटं मोडत होत्या. आई त्यांना म्हणाली, "उगं काहून बोलून राह्यल्या? पुस्तकात तसंच हाये. माझ्या लेकानं सोता वाचलंय."

मालकांना इतके दिवस मनात हसणारा मी, मला माझीच किळस आली. घागर घरी ठेवली आणि तडक गढीवर गेलो.

"मालक, चुकी झाली. त्यो खंदक कोरडा व्हता. पुस्तकात पाणी न्हाई. बांध फोडा."

मला वाटलं, आता चाबूक निघतो. मालक मिशीवर हात फिरवून हसले.

"कोरडा? मंग तर आपण त्यांच्या म्होरं गेलो की! बराबर लिहून घे, आपल्या गढीच्या इतिहासात."

कचेरीतली नोकरी अजून लागायची होती. मी लिहून घेतलं. पुस्तकातला खंदक कोरडा होता, हे आईला मात्र ती वारेपर्यंत सांगितलं नाही.