नव्यासारखं ठेवलेलं मशीन

माझ्या मोठ्या बहिणीचा, आमच्या अक्काचा, आयुष्यात एकदाच सत्कार झाला. तो कशासाठी झाला हे आठवलं की अजूनही माझं डोकं भणभणतं.

अक्काच्या धाकट्या मुलीला ऐकायला फार कमी येतं. पाठीमागं पत्र्याचा डबा आपटला तर ती वळून बघते, पण हाक तिच्यापर्यंत पोचत नाही. तीन वर्षांची होत आली तरी एक शब्द बोलेना, तेव्हा घरात कुजबुज सुरू झाली. अक्काची सासू म्हणायची, "आमच्यात लेकरं उशिरानंच बोलतेत. हिचा बाप बी उशिरा बोलला. आता गिऱ्हाइकाला बोलू देत न्हाई." दाजींचं युसूफ वडगाव या गावात किराणा दुकान आहे आणि ते खरंच गिऱ्हाइकाला बोलू देत नाहीत.

मग दुकानात आलेल्या कुणीतरी सांगितलं की दिव्यांग मुलांना साहित्य वाटायचं शिबिर आहे. एका मंगल कार्यालयात ते झालं. मांडव, खुर्च्या, पाहुण्यांची भाषणं. पोरीला तपासलं, कानाचा साचा घेतला आणि पुढच्या वेळी बोलावून स्टेजवर कानाचं मशीन दिलं. मशीन अक्काच्या हातात, पोरगी अक्काच्या कडेवर आणि दोन्ही बाजूंनी पाहुणे, असा फोटो निघाला. माइकवरचे साहेब म्हणाले, "हे यंत्र फार महाग आहे. शासनानं तुम्हाला मोफत दिलंय. जपा. हरवलं, फुटलं तर दुसरं मिळणार नाही, आत्ताच सांगून ठेवतो." टेबलावरच्या माणसानं ते कानात कसं घालायचं हे घाईघाईत दाखवलं आणि पुढचा नंबर पुकारला.

दिवसात किती वेळ घालायचं, हे कुणी सांगितलं नाही. पोरगी सुरुवातीला रडेल, उपटून फेकेल, तरी नेटानं घालायचं, हेही नाही. सांगितलं ते एवढंच, की जपा.

आमच्या घरात जपणं म्हणजे काय, ते मला चांगलं माहीत आहे. अक्काच्या लग्नात आलेला स्टीलचा डिनर सेट अजून खोक्यातच आहे. चांगली वस्तू वापरली की खराब होते, असंच आम्ही लहानपणापासून ऐकलं. त्यात ही वस्तू फुकटची. फुकट मिळालेलं आपल्या हक्काचं वाटत नाही, कुणीतरी विश्वासानं ठेवायला दिल्यासारखं वाटतं. अक्कानं पहिल्या दिवशी मशीनला हळदकुंकू लावलं आणि दागिन्याच्या डबीत घालून ते कपाटात ठेवलं. दर सोमवारी पूजा झाली की काढायची, पोरीला घालायची, ती रडायला लागली की पुसून परत ठेवायची. घरी पाहुणे आले तरी काढायची. मी अंबाजोगाईला शिकले आणि आता तिथंच एका शाळेत शिकवते. मी अक्काकडं गेले की पोरीच्या कानात मशीन असायचंच, कारण मी पाहुणी.

वर्षानंतर त्याच मंगल कार्यालयात, वाटलेल्या साहित्याची पाहणी करायला परत शिबिर लागलं. मी अक्कासोबत गेले. तिथं अक्कानं दागिन्याच्या डबीतून मशीन काढलं, तेव्हा ते रोज कुठं असतं हे मला कळलं. टेबलावर मशीनं मांडली होती. आमच्या पुढच्या बाईच्या मशीनचं कवच तडकलेलं होतं, वर चिकटपट्टी लावलेली. साहेब तिच्यावर कडाडले, "ही अवस्था? सरकारचा पैसा झाडाला लागतो का?" ती बिचारी मान खाली घालून म्हणाली, "साहेब, दिवसभर कानातच असतंय. खेळता खेळता पडली." तिची मुलगी, आमच्या पोरीएवढीच, तिचा पदर ओढत होती. "मम्मी, चल. मम्मी, चल ना."

मी ते ऐकलं आणि आमच्या पोरीकडं बघितलं. त्या मुलीला बोलता येत होतं. टेबलापलीकडच्या एकाही माणसानं मान वर करून तिच्याकडं बघितलं नाही.

मग आमचं मशीन. साहेबांनी ते उजेडात धरून फिरवलं. "वा! एक ओरखडा नाही. याला म्हणतात आई!" अक्काला स्टेजवर बोलावलं. शाल, नारळ. माइकवरून सगळ्यांना सांगितलं की या माऊलीचा आदर्श घ्या. टाळ्या वाजल्या. माझ्या मांडीवर बसलेल्या पोरीनं सगळ्यांचे हात हलताना बघितले आणि तिनंही टाळ्या वाजवल्या, आवाज न ऐकता. पोरगी बोलते का, हाक मारली तर वळते का, असं एका माणसानंही विचारलं नाही. तपासणी मशीनची होती.

परतीच्या बसमध्ये मी अक्काला म्हणाले, "अक्का, त्या बाईची पोरगी बोलायली."

"बघितलं की. तिची कमी बहिरी आसंल."

"तिच्या कानात मशीन दिवसभर असतं."

"आन फुटलं न्हाई का मग? सगळ्यांपुढं केवढं बोलले तिला." अक्कानं मांडीवरची शाल नीट केली. "तू कावून चिडायलीस? माझा सत्कार झाला ते बघवंना का तुला?"

"तुझ्या पोरीचं काय झालं, सांग."

पुढच्याच आठवड्यात मी दोघींना अंबाजोगाईच्या दवाखान्यात नेलं. तिथल्या वाचा-श्रवणाच्या मॅडमनी पहिला प्रश्न विचारला, "दिवसात किती वेळ घालते?" वर्षभरात हा प्रश्न पहिल्यांदाच कुणी विचारला होता. अक्कानं अभिमानानं सांगितलं, "लई जपलंय मॅडम. दर सोमवारी काढते."

मॅडम रागावल्या नाहीत. त्यांनी शांतपणे सांगितलं की सकाळी डोळे उघडले की मशीन कानात आणि रात्री झोपताना बाहेर. फक्त अंघोळीला काढायचं. ऐकायची सवय लहानपणीच लागते, ही वर्षं गेली की फार जड जातं. वर्षात कान वाढला होता, जुना साचा सैल झाला होता, म्हणून कानात घातलं की मशीनमधून शिट्टीसारखा आवाज येत होता. साचा नवा करावा लागेल आणि पोरगी वाढेल तसा पुन्हा पुन्हा करावा लागेल. हेही शिबिरात कुणी सांगितलं नव्हतं.

अक्का बाहेरच्या बाकावर बसून रडली. मग एकदम म्हणाली, "शाल कशाला दिली मला? तेवढ्या वेळात एवढं सांगितलं असतं की!"

मी शासनाच्या शिष्यवृत्तीवर आणि वसतिगृहात राहून शिकले. आमच्या घरातली मी पहिली पदवीधर. ज्यांनी शिकवलं त्यांना मी नमस्कार करते आणि सरकारी मदतीला नावं ठेवताना माझी जीभ अडते. पण शिकले म्हणूनच मला कळतं की वस्तू देणं ही मदतीची सुरुवात असते. आईला चार गोष्टी समजावून सांगायला मांडव लागत नाही, पाहुणे लागत नाहीत. एक माणूस आणि थोडा वेळ लागतो. तो वेळ भाषणांना होता, आईला नव्हता. आणि आता कुणी म्हणालं की खेड्यातल्या बायका अडाणी, मशीन कपाटात ठेवतात, तर मी त्याला विचारते, त्यांना ते तिथं ठेवायला कुणी शिकवलं?

त्यानंतर अक्कानं पोरीच्या कानातून मशीन हलू दिलं नाही. पोरगी रडली, चावली, एकदा मशीन पिठाच्या डब्यात सापडलं. सासू म्हणाली, "कशाला छळतीस लेकराला?" अक्का रोज घालत राहिली. साच्यासाठी आम्ही पुन्हा पुन्हा अंबाजोगाईला गेलो. हळूहळू पोरीचं रडणं थांबलं. मग दाजींच्या गाडीचा आवाज आला की ती दाराकडं बघायला लागली.

यंदा ती अंगणवाडीत जाते. परवा मी अक्काकडं होते. अक्का तिला आणायला गेली, सोबत मीही. पोरगी अंगणात खेळत होती आणि कान मोकळे. मशीन रुमालात गुंडाळून अंगणवाडीताईंच्या टेबलाच्या खणात होतं.

"रोज काढून ठेवते मी," ताई म्हणाल्या. "खेळताना पडलं बिडलं तर? लई महागाचं असतंय ते."

अक्काचा चेहरा लाल झाला. "फुटलं तर फुटू द्या. ताई, तिच्या कानातून मशीन काढायचं न्हाई."

"आवो, उद्या तुमीच म्हणताल की ताईनं लक्ष दिलं न्हाई."

तेवढ्यात पोरगी आमच्याकडं पळत आली. तिनं उघडा खण बघितला, रुमाल बघितला. ती ताईंसमोर उभी राहिली, हात पुढं केला आणि जाडसर, मोठ्या आवाजात म्हणाली, "दे."

ताई गोंधळून अक्काकडं बघायला लागल्या.

"माझ्याकडं कावून बघायलात?" अक्का म्हणाली. "तिनं मागितलंय. तिला द्या."