डोळा शोधणारा कॅमेरा

उल्हासरावांचा कॅमेरा बिघडला होता, निदान त्यांचं म्हणणं तसं होतं. पाखराचा डोळा आपणहून हेरून त्यावर हिरवी चौकट धरणारा तो महागाचा कॅमेरा यंदा चौकटच धरेनासा झाला होता. दुकानदारानं दोनदा तपासून, काही दोष नाही म्हणून परत दिला. उल्हासरावांची उभी हयात आइंडहोव्हनच्या कारखान्यात यंत्रांची भिंगं जुळवण्यात गेलेली. त्यांच्यापुढे बोलणार कोण? पार्किंगमध्ये गाडीचा आरसा खांबाला घासला तेव्हा बायकोनं, सुचेताबाईंनी, डोळे दाखवून घ्यायचं सुचवलं होतं. डॉक्टर गाडी बंद करायला लावेल, एवढंच बोलून उल्हासरावांनी विषय मिटवला.

त्या दिवशी दोघं ब्रेडाच्या घरून खाडीकाठच्या अभयारण्यात आली. गाडी तेच चालवत होते. सुचेताबाई सीटची कड धरून बसल्या होत्या. पाखरं बघायला उभारलेल्या लाकडी आडोशाच्या फटीतून उल्हासरावांनी लांब लेन्स बाहेर काढली. ओहोटीनं उघड्या पडलेल्या चिखलात त्यांना चमच्या दिसला: पांढराशुभ्र, एका पायावर, चपटी चोच पंखांत खुपसून झोपलेला. मान वर करील तेव्हा फोटो घ्यायचा. थर्मासमधला चहा संपला. भरतीचं पाणी त्याच्या पायाशी आलं, तरी पाखरू हलेना.

"चौकट धरतच नाही," ते म्हणाले. "तूच बघ, बिघाड आहे की नाही."

सुचेताबाईंनी कॅमेऱ्याला डोळा लावला. चिखलात एक खांब होता आणि त्याच्या टोकाला गुंडाळलेली प्लास्टिकची पिशवी.

"उडाला हो," त्या म्हणाल्या.

"पंखांचा आवाज नाही आला. कान शाबूत आहेत माझे."

सुचेताबाईंना पुढे खोटं सुचेना. "खांब आहे तो. पिशवी अडकलीय."

उल्हासरावांनी लेन्स उतरवली, नुसत्या बोटांनी चाचपत, एकही चूक न करता. गाडीशी आल्यावर सवयीनं ते चालकाच्या दारापाशी गेले, थोडं थांबले आणि किल्ली सुचेताबाईंच्या हातात देऊन पलीकडे जाऊन बसले.

सुचेताबाईंनी कित्येक वर्षांत गाडी चालवली नव्हती. बांधावरचा रस्ता अरुंद होता.

"काठाला पाखरं आहेत का गं?"

"आहेत. पुष्कळ."

"कोणती?"

आजवर नावं तेच सांगत आले होते.

"मला रस्ता सोडून बघता येत नाही हो," त्या म्हणाल्या.

ब्रेडा येईपर्यंत उल्हासराव खिडकीकडे तोंड करून बसले.