शेवग्याच्या पावडरीला दाखवलेलं ऊन

नोव्हेंबरमधला दुसरा मंगळवार. हजर: मी, माझी मदतनीस आणि साजगावच्या ताई. त्यांची शेवग्याच्या पाल्याची पावडर आमच्या प्रयोगशाळेत तपासायला आली होती आणि त्या अहवाल न्यायला आल्या होत्या.

ताईंची ही परदेशातली पहिली ऑर्डर. खरेदीदाराची अट एकच: गॅमा किरणं देऊन जंतू मारलेला माल चालणार नाही. पाला ताई स्वतः वाळवतात, पण या खेपेला अर्धी पावडर एका व्यापाऱ्याची होती. किरणं दिलेली नाहीत, असं तो शपथेवर सांगत होता. शपथेवर आमचं काम चालत नाही. पावडर कितीही चाळली तरी मातीचे बारीक कण राहतात. ते वेगळे काढून तापवायचे. किरणं दिलेली असतील तर ते तापताना मंद उजेड सोडतात आणि यंत्र तो मोजतं. सगळं काम लाल दिव्यात, कारण साध्या उजेडानेही ती खूण पुसट होते.

ताईंच्या पावडरीतल्या कणांनी उजेड जवळजवळ सोडलाच नव्हता. अहवाल तयार होता. मी पेन उघडलं.

“पास होनारच वो मॅडम,” ताई म्हणाल्या. “कुबट वास येत व्हता, म्हनून तुमाला देयाची तेवढी पावडर आधी ताटात पसरून दोन दिस गच्चीवर कडक ऊन दाखवलं.”

मी पेन बंद केलं. उन्हात खूण पुसली गेली असेल, तर आमचा निकाल काहीच सांगत नव्हता. व्यापाऱ्याचा माल तिकडच्या तपासणीत किरणं दिलेला निघाला असता, तर सगळी खेप परत आली असती. ताईंना हे सांगितलं.

“म्हंजे मीच माजा माल नापास केला?”

“नापास नाही ताई. परीक्षाच झाली नाही.”

“मॅडमच्या यादीत उन्हाचा प्रश्नच नव्हता,” मदतनीस म्हणाली. खरं होतं. नमुना घेताना विचारायचे सतरा प्रश्न मी स्वतः लिहिले होते. ऊन दाखवणं ही आपल्या घरोघरची रीत, तरी मला सुचलं नव्हतं. अठरावा तिथेच लिहिला.

“व्यापाऱ्याचं एखादं पोतं न उघडलेलं आहे?”

“येक हाय. त्येला हात नाय लावला.”

“लावूही नका.”

अहवालावर मी तिरपी रेघ मारली. आता साजगावला जाऊन, खिडक्या झाकलेल्या खोलीत ते पोतं उघडायचं आणि काळ्या पिशवीत नमुना भरून आणायचा. ते अजून व्हायचं आहे.