बेबीताईंची मातीविना झाडं

बेबीताईंच्या घरात तीसेक झाडं होती आणि माती चिमूटभरही नव्हती. खिडकीच्या ग्रिलला, पडद्याच्या दांडीला, कपाटाच्या कडीला तंगुसाच्या दोऱ्याने बांधलेली ती करड्या पात्यांची झाडं हवेत नुसती लोंबत. समोरच्या ब्लॉकमध्ये नवी राहायला आले तेव्हा मी विचारलं, "ही बांडगुळं घरात कशाला?" त्या दुखावल्या. "बांडगूळ दुसऱ्याचं ओढून खातं. ही कुणाचं काही घेत नाहीत गो."

माती गेली ती अण्णांमुळे. अण्णा म्हणजे त्यांचे वडील. जन्मभर बोटीवर होते, घरी बसल्यावर हळूहळू सगळं विसरत गेले. "कलमं लावायचीत," म्हणत रोज कुंड्या उकरायचे. एकदा तोंडात मातीचा घास सापडला. त्याच दिवशी बेबीताईंनी कुंड्या बाहेर काढल्या आणि पुढे कुरियरने ही हवेवर जगणारी झाडं मागवली. मग एकदा अण्णा उघड्या दारातून निघून गेले, ते दुपारी एसटी स्टँडवर सापडले. तेव्हापासून दाराला आतून कुलूप.

दर रविवारी त्या झाडं अर्धा तास बादलीत बुडवायच्या, झटकायच्या आणि उलटी करून पंख्याखाली वाळवायच्या. "पाण्याने मरत नाहीत. पोटात ओल राहिली की कुजतात." पावसाळ्यात वीज गेली की सूप घेऊन एकेकाला वारा घालत बसत. अण्णा शेजारी बसून विचारत, "बोट कधी सुटते?"

"सुटेल, अण्णा. वारा पडलाय."

रत्नागिरीत राहून सहा वर्षांत त्यांनी समुद्र पाहिला नव्हता. मी हट्टच धरला. "मी बसते अण्णांजवळ, तुम्ही आरे-वारेला जाऊन या." गेल्या, आणि पाऊण तासात परत दारात! रिक्षा अर्ध्या वाटेवरून फिरवली होती.

"काय झालं?"

"काही नाही. एवढं मोकळं बघून छातीत धडधडायलाच लागलं."

अण्णा तेवढा वेळ झोपलेलेच होते.

मागच्या वर्षी अण्णा गेले. तेराव्याला मुंबईचा भाऊ चारचौघांत म्हणाला, "बेबी, आता तू मोकळी झालीस. आमच्याकडेच ये. सुनेची नोकरी आहे, बाळाजवळ घरचं माणूस हवं."

स्वयंपाकघरात मी त्यांचा हात धरला. "नाही म्हणा."

त्या बराच वेळ एकच ताट पुसत राहिल्या. "सवय नाही गो तसं म्हणायची."

जाताना सगळी झाडं मला दिली. एक मात्र रुमालात गुंडाळून पर्समध्ये ठेवलं. माझ्याकडची निम्मी पहिल्याच पावसाळ्यात कुजली. उरलेल्यांसाठी मी आता रविवारी कुठे जात नाही.

परवा फोन केला. विचारलं, "तुमचं झाड कसं आहे?"

"जगलंय. इथे एसी असतो, खिडक्या उघडत नाहीत. रोज दुपारी थोडा वेळ जिन्यात नेऊन धरते त्याला." मग एकदम आवाज खाली आला. "ठेवते हं. बाळ उठेल."