शेवंताआत्याची खातरजमा

शेवंताआत्या कुठलाही प्रश्न दोनदा विचारायच्या. एकदा माणूस दारात उभा असताना आणि एकदा त्याचा चहा पिऊन झाल्यावर. तळवड्यात त्यांच्या इमारतीत मी भाड्याची खोली बघायला गेलो, तेव्हा दाराची साखळी न काढता फटीतूनच त्यांनी विचारलं, "गाव कंचं?" मी परभणी म्हणालो. "दारू?" नाही म्हणालो. मग साखळी निघाली, चहा आला, पाऊसपाण्याच्या गप्पा झाल्या. मी कप खाली ठेवला आणि आत्या अगदी सहज म्हणाल्या, "मग परभणीत दारू कुठं मिळती चांगली?"

"मला काय माहीत, आत्या?"

त्यांनी कमरेची किल्ली सोडून माझ्या हातात दिली. "पहिलं उत्तर पाव्हण्याचं आसतं. दुसरं घरच्याचं."

त्या दिवसापासून त्यांनी मला नावानं कधी हाक मारली नाही. मी 'परभणी'च राहिलो.

आत्या माझ्या कुणी नव्हत्या. साऱ्या आळीच्या आत्या होत्या. साठीच्या पुढच्या, बुटक्या, पदर दोन्ही खांद्यांवरून घट्ट ओढून घेणाऱ्या. गावातलं जुनं घराणं. शेतावर कारखान्यांच्या शेड उभ्या राहिल्या आणि उरलेल्या तुकड्यावर त्यांनी ही खोल्यांची इमारत बांधली. नवरा लवकर गेला, मूलबाळ नव्हतं. भावाचा मुलगा महेश त्यांनी लहानाचा मोठा केला, आणि तो नोकरीसाठी बंगळुरूला गेला. जमिनीला भाव आला तेव्हा वर्षानुवर्षं न फिरकलेले नातेवाईक पेढे घेऊन यायला लागले होते. आत्यांचा स्वभाव तेव्हाच घट्ट झाला असावा. त्या म्हणायच्या, "पेढा हातात घ्यायचा. तोंडात न्हाई."

दूधवाल्याचं दूध त्या नखावर थेंब टाकून बघायच्या. गॅसची टाकी घेताना टाकीला कान लावायच्या. का, ते त्यांनाही सांगता आलं नसतं, पण पोऱ्या बिचकायचा एवढं खरं. माझ्या नोकरीवर तर त्यांचा पक्का संशय होता. मी आयटी पार्कातल्या एका कंपनीत लोकांच्या कॉम्प्युटरच्या तक्रारी फोनवर सोडवायचो. "दिसभर फोनवर बोलून पगार?" आत्यांनी डोळे बारीक केले. "कुनाला गंडवता का काय रं तुमी?"

महेश जाताना आपला कॉम्प्युटर आत्यांकडे ठेवून गेला होता. भलामोठा मॉनिटर, चकाकणाऱ्या पंख्यांचा डबा, आणि त्यात ट्रक चालवायचा एक खेळ. आधी आत्यांनी त्याच्यावर चादर टाकून ठेवली. मग केव्हातरी चादर निघाली. जिन्यातून येता-जाता मला इंजिनाचा आवाज ऐकू यायला लागला. खिडकीच्या पडद्याआड आत्या एक बोट बाणाच्या बटणावर ठेवून, दात ओठांवर दाबून, कुठल्याशा परक्या मुलखातून अठरा चाकी ट्रक हाकत असायच्या. मी बघितलं हे कळल्यावर म्हणाल्या, "खेळत न्हाई मी. मशीन चालू ठिवते. बंद राह्यलं की गंजतं."

एका रविवारी दुपारी जिन्याखालून हाक आली, "ए परभणी! खाली ये. काय केलंस तू?"

मी काहीच केलं नव्हतं. पण आत्यांचा मॉनिटर खेळ सुरू झाला की अचानक काळा पडायचा, दोनेक क्षणांनी परत यायचा, आणि येताना स्क्रीनभर हिरव्या-जांभळ्या रेघा घेऊन यायचा. तेवढ्यात आत्यांचा ट्रक दरीत गेलेला असायचा.

"वर तू शेगडी लावलीस की हितं आंधार होतो."

"आत्या, माझी विजेची शेगडी सकाळपासून बंद आहे."

"मग मागची प्रेस. ठोका पडला की रेघ येती." मागच्या शेडमध्ये पत्रा दाबायचं यंत्र होतं खरं, पण रविवार होता आणि प्रेसला सुट्टी होती. हे सांगितल्यावर आत्या माझ्याकडे अशा बघायला लागल्या की जणू सुट्टीसुद्धा मीच दिली होती.

मी खाली बसलो. खेळाचं चित्र हलकं करून बघितलं, मॉनिटरचा वेग कमी करून बघितला, कॉम्प्युटरमधली चित्रं दाखवणारी प्रणाली नव्यानं भरली. रेघा येतच राहिल्या. शेवटी टेबल पुढे ओढलं तर मागे मॉनिटरची वायर भिंत आणि टेबलाचा पाय यांच्यामध्ये चेंगरून चपटी झालेली. टेबल भिंतीला कुणी रेटलं? आत्यांनीच. खिडकीतून भाडेकरूंना स्क्रीन दिसू नये म्हणून.

"म्हंजी तुमच्यामुळंच बिघडलं," आत्यांनी निकाल दिला.

मी माझ्या खोलीतली वायर आणून लावली. रेघा गेल्या. आत्यांनी ट्रक एका घाटातून खाली आणला, पुलावरून नेला. मग थांबल्या. "आता जुनी लाव परत."

"कशाला? चालतंय की."

"लाव म्हन्ते ना." मी जुनी लावली. पुलावरच काळोख झाला. परत नवी लावली, चित्र लख्ख. तेव्हा कुठे आत्यांनी मान हलवली. "आता पटलं. नवीन चांगली हाय म्हणून भागत न्हाई. जुनी वाईट हाय, ते बी दिसाय पायजे."

दिवाळीनंतर पुन्हा बोलावणं आलं. या वेळी आत्या म्हणाल्या की स्क्रीनच्या उजव्या कडेला वीज चमकल्यासारखं होतं आणि आभाळात काळे धागे तरंगतात. मी बराच वेळ टक लावून बघत बसलो. मला काहीच दिसेना.

"आत्ता चमकलं! दिसलं?"

"नाही."

"बघतच न्हाईस तू. तुला कटाळा आलाय माझा."

वायर बदलली, जागा बदलली, माझा मॉनिटर खाली आणून लावला. आत्यांचं चमकणं चालूच. मग त्यांनी शेजारच्या खोलीतल्या भाडेकरूला बोलावलं. तो चाकणला पाळीनं कामाला जाणारा, अर्धा झोपेत होता. त्यालाही काही दिसलं नाही. आत्या आम्हा दोघांकडे आळीपाळीनं बघत म्हणाल्या, "तुमी दोघं एक झालाय."

खरं सांगायचं तर मलाही संशय यायला लागला होता. भरल्या इमारतीत एकटी बाई. खोट्या तक्रारी काढून माणूस जवळ बसवून घेत असतील तर? दुसऱ्या दिवशी मी मोबाइलवर स्क्रीनचा व्हिडिओ काढला आणि त्यांना दाखवला. म्हटलं, हा बघा पुरावा, यात कुठे आहे वीज?

आत्यांनी मोबाइल डोळ्यांजवळ धरला. "हाय की. ही बघ, उजवीकडं."

मी मोबाइल वरची बाजू खाली करून त्यांच्या हातात दिला. "आता?"

"उजवीकडंच." चित्र उलटलं होतं, वीज जागची हलली नव्हती. आत्यांनी उठून दांडीवरचा टॉवेल घेतला आणि मॉनिटरवर टाकला. मग मागचं बटण दाबून मशीन बंद केलं. पडद्याआडच्या अंधुक खोलीत त्या कोऱ्या भिंतीकडे बघत उभ्या राहिल्या. एक डोळा हातानं झाकला. मग दुसरा.

"परभणी," त्या म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज मी पहिल्यांदाच इतका खाली आलेला ऐकला, "उजव्यानंच दिसतंय रे. आन् कडंला काळं बी आलंय, पदर वढल्यावानी."

मी म्हटलं आत्ताच्या आत्ता दवाखान्यात जाऊ. त्यावर आत्यांची भीती पळाली आणि जुना संशय जागेवर आला. डोळ्यांचे दवाखाने दिसेल त्याचा डोळा कापतात. वहिनीचा असाच कापला. उद्या बघू. मी काही ऐकलं नाही. रिक्षा बोलावली आणि आकुर्डीपर्यंत त्यांच्या शिव्या खात गेलो. वाटेत त्यांनी रिक्षावाल्यालाही विचारून घेतलं की हा सरळ रस्ता सोडून इकडून का नेतोय.

डॉक्टर तरुण बाई होत्या. डोळ्यात औषध घालून, दिव्याखाली बराच वेळ बघून त्या म्हणाल्या, "आजी, डोळ्याच्या आतला पडदा फाटलाय आणि सुटत चाललाय. उद्याच ऑपरेशन करायला हवं. मधला भाग सुटला तर नजर परत आणणं अवघड."

आत्यांनी पाणी मागितलं. प्याल्या. इकडचं तिकडचं विचारलं. गाव कुठलं, शिकलात कुठं. मग सहज म्हणाल्या, "म्हंजी चार दिसांनी आलं तरी चालतंय."

"नाही चालत," डॉक्टर म्हणाल्या, आणि यंत्रावर काढलेला आत्यांच्या डोळ्याचा फोटो त्यांनी समोरच्या मॉनिटरवर लावला. नारिंगी गोळा, आणि त्याच्या एका बाजूला राखाडी सुरकुत्या. आत्यांनी चांगल्या डोळ्यानं तो फोटो बघितला. मग मॉनिटरच्या मागे वाकून वायर बघितली.

"आधी ह्याचा डोळा बघा," माझ्याकडे बोट करून त्या म्हणाल्या.

"त्यांना काय होतंय?"

"काय न्हाई. म्हणूनच. मशीन बिघडलं आसंल तर ह्याचा बी फाटका दिसंल."

बाहेर पेशंटांची रांग होती. डॉक्टरांच्या जागी मी असतो तर कदाचित चिडलो असतो. त्या क्षणभर आत्यांकडे बघत राहिल्या, मग मला म्हणाल्या, "या, हनुवटी इथे ठेवा." प्रकाश लखकन चमकला आणि माझा डोळा मॉनिटरवर आला. सगळीकडून सारखा, गुळगुळीत, नारिंगी. शेजारी आत्यांचा.

आत्या दोन्हींकडे बघत राहिल्या. पदर पुन्हा खांद्यावर ओढून घेतला. "मग माझाच फाटलाय," त्या हळूच म्हणाल्या. "करा बाई. उद्या करा."

ऑपरेशन झालं. डोळ्यात वायूचा बुडबुडा भरला होता आणि त्याच्या दाबानं पडदा जागेवर बसावा म्हणून आत्यांना काही दिवस तोंड खाली घालून राहायचं होतं. सगळ्या जगावर नजर ठेवणाऱ्या बाईला फक्त फरशी दिसत होती. महेशला कळवायचं नाही अशी मला ताकीद होती. "त्यो यील, रजा घालवंल, आन् मग त्याची बायको म्हनंल की म्हातारी नाटकं करती." महेशची बायको शिल्पा बंगळुरूचीच, कन्नड बोलणारी. आत्यांनी तिला लग्नात पाहिलं होतं तेवढंच.

आणि दोन दिवसांत महेश दारात उभा! आत्या उशीत तोंड खुपसलेल्या अवस्थेतच ओरडल्या, "परभणी, तूच फोन केलास!"

मी शपथेवर नाही म्हणालो. त्यांचा विश्वास बसला नाही. शेवटी महेशच त्यांच्या खाटेजवळ जमिनीवर बसला आणि अपराध्यासारखा म्हणाला, "आत्या, तो खेळ माझ्या नावावर आहे. इथं कुणी सुरू केला की माझ्या फोनवर दिसतं. रोज दुपारी दिसायचं. जेवताना बघायचो मी, आत्या ट्रकवर बसली की मलाही बरं वाटायचं. परवापासून दिसलं नाही. फोन लावला तर तोही उचलेनास."

मागच्या शेडमधली प्रेस धाडधाड चालू होती.

"म्हंजी मी दरीत गेलेली बी दिसायची?" उशीतून प्रश्न आला.

"नाही गं. चालू आहे, एवढंच."

"मग ठीक हाय," आत्या म्हणाल्या. आणि चाचपडत हात खाली सोडून त्यांनी महेशचं डोकं शोधलं.

नजर बरीचशी परत आली. सरळ रेघ जरा वाकडी दिसायची. आत्या म्हणायच्या, "रस्ता वाकडा दिसतो, पर दिसतो." मग त्यांना एक नवाच नाद लागला. पायरीवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक बाईला थांबवायचं आणि एकेक डोळा झाकून खांबावरची पाटी वाचायला लावायची. बायका दुसऱ्या गल्लीतून जायला लागल्या. पण भाजीवाल्या मावशींना डाव्या डोळ्यानं पाटीच दिसली नाही आणि आत्यांनी त्यांना स्वतः आकुर्डीला नेलं. मोतीबिंदू निघाला.

पुढच्या उन्हाळ्यात महेशनं त्यांना बंगळुरूला चलच म्हणून हट्ट धरला. आत्या कधी नव्हे त्या तयार झाल्या. निघताना त्यांनी गाडीच्या चालकाचं लायसन मागून घेतलं, काल किती झोपलास म्हणून विचारलं, आणि मागे बसायचं नाकारून त्याच्या शेजारी बसल्या. मला म्हणाल्या, "मी आल्यावर खोली बघनार हाय. भिंतीला खिळा ठोकू नको."

पंधरा दिवसांनी त्यांचा फोन आला. आवाज दबका. "परभणी, शिल्पा लई गोड वागती. दोन्ही टाइम गरम भाकरी करती, शिकून घेतलीया. माझ्या डोळ्यात औषध घालती. मराठी शिकायची म्हन्ती माझ्याकडनं. काय तरी आसंल."

"काय असणार आत्या?"

"तेच बघते हाय."

महिन्याभरानं पुन्हा फोन, पुन्हा तेच. इमारतीची कागदपत्रं तिनं कधी विचारली नाहीत, हेच त्यांना खटकत होतं. मग पावसाळ्यात एका संध्याकाळी त्यांचा फोन आला. या वेळी आवाज दबका नव्हता. "परभणी, न्हाई रे काय. ती पोरगी तशीच हाय."

"खात्री केलीत ना?"

"लई तपासलं. काय बी निघालं न्हाई बघ." हे सांगताना त्यांना हसू आलं होतं, आणि हसता हसता खोकला.

थंडीत एक दिवस ऑफिसात असताना बंगळुरूचा नंबर वाजला. मी उचलला. "परभणीचे भाऊ हाय का?" तोच सूर, तीच बोली. मी आनंदानं म्हणालो, "बोला आत्या!"

मग तोच सूर, पण तरुण गळ्यातून आला. "आत्या न्हाई, भाऊ. शिल्पा बोलते. आत्या गेल्या. सकाळीच. तरास काय झाला न्हाई. तुमी जेवला का? आधी जेवून घ्या, मग या."

महेश आणि ती घरात हिंदीतच बोलायचे. तळवड्याची ही मराठी तिला शिकवणारं त्या शहरात दुसरं कुणी नव्हतं.