बाजूला भोक असलेलं मडकं

सतरा नोव्हेंबरला सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी माझं जपानी चहापात्र ओट्यावरून खाली पडलं. त्यानंतर अडीच महिन्यांनी आम्ही दोघं शहापूरहून मुरबाड तालुक्यातल्या एका कुंभाराकडे गेलो. या दोन घटनांचा संबंध आहे, म्हणून तारखेपासून सुरुवात केली.

नव्या वाचकांसाठी सांगतो. मी चहाची भांडी जमवतो. चिनी, जपानी, कोरियन मिळून एकवीस नग होते, आता वीस आहेत. नोकरी आसनगावच्या एका कारखान्यात, तपासणी विभागात. चहाचं शिक्षण मी कुणाकडे घेतलेलं नाही. जे येतं ते वाचून, व्हिडिओ थांबवून थांबवून पाहून आणि पाण्यात थर्मामीटर बुडवून आलं आहे. फुटलेलं पात्र संग्रहातलं पहिलं, अकरा वर्षं रोजच्या वापरातलं. त्याचा दांडा मागे नसतो, नळीला काटकोनात, उजव्या बाजूला असतो. त्याला केटली म्हणू नये. केटलीत पाणी उकळतात, यात पानं मुरवतात. हे मी घरात अकरा वर्षं सांगतो आहे.

फुटलं ते सौ.च्या, म्हणजे सुषमाच्या हातून.

"केटली फुटली," ती म्हणाली.

"केटली नव्हे," मी म्हणालो.

त्या प्रसंगी आमचं तेवढंच बोलणं झालं.

पहिल्या पाळीहून मी घरी आलो की रोज पाच वाजता आम्ही त्या पात्रातून चहा घेत असू. वीस मिनिटं. सुषमाच्या मते तो चहा म्हणजे पाल्याचं कोमट पाणी, तरी ती बसायची. नोव्हेंबरपासून ती स्वयंपाकघरात दुधाचा चहा घेऊ लागली आणि मी बाहेर, काचेच्या पेल्यात. भांडण नव्हतं. "गॅस आणायला हवा", "पंखा पुसायला हवा" इतपत बोलणं चालू होतं. नवं पात्र मागवता आलं असतं, पण ते दुसरंच पात्र झालं असतं. जुन्याची सगळी मापं माझ्या वहीत होती. मला तेच परत हवं होतं, आणि त्याच्याबरोबर पाचची वीस मिनिटं.

मुरबाडजवळच्या म्हसा गावच्या जत्रेत बारकूभाऊ नावाच्या कुंभाराची मडकी मी व्हर्निअर लावून पाहिली होती. काठाची जाडी सगळीकडे सारखी. नंबर घेऊन ठेवला. जत्रा उठल्यावर फोन केला. नळी-दांड्याचं फोनवर सांगितलं तर माणूस घाबरेल, म्हणून भांड्याच्या पोटापुरतंच बोललो: "लहानसं मडकं हवंय. बाजूला भोक पाडून ठेवा. एकच. रविवारी न्यायला येतो. फोटो पाठवू का?"

पलीकडून एकदम हलक्या आवाजात, "फोटो नको, दादा. समजला."

रविवारी सकाळी सातला स्कूटरवर निघालो. सापगाव, शेणवा, किन्हवली, सरळगाव, मुरबाड असा रस्ता. जाणाऱ्यांनी टाकी शहापूरलाच भरावी. किन्हवलीच्या अलीकडे खड्डे आहेत, पुढे बरा रस्ता लागतो. थंडीत हातमोजे हवेतच. सरळगावच्या नाक्यावर उसळ-वडा खाल्ला: वडा गरम, उसळ तिखट, दोघांचे मिळून शंभराच्या आत. सुषमाने दुधाचा चहा मागवला. मी थर्मासमधलं पाणी मोजलं, चौऱ्याहत्तर अंश, आणि स्वतःची पानं काढली. हॉटेलवाल्याने सुषमाला हळूच विचारलं, "साहेबांना पथ्य हाय का?"

"हो," सुषमा म्हणाली. "जुनं दुखणं आहे."

बारकूभाऊंचं घर म्हशाच्या अलीकडे, डाव्या हाताच्या कच्च्या रस्त्याला. भट्टीच्या धुरावरून ओळखू येतं. आम्ही उतरलो तेव्हा बारकूभाऊ डोक्याचा रुमाल काढून उभे राहिले. त्यांच्या बायकोने, हिराबाईंनी, पदर सावरला. बसा कुणी म्हणेना. पाणीही विचारलं नाही. मुरबाडकडची माणसं अशी नसतात, मला आश्चर्य वाटलं.

हिराबाईंनी हलक्या आवाजात विचारलं, "कवा झाला, दादा?"

फुटल्याची बातमी यांना कशी कळली हे लक्षात आलं नाही. पण विचारणाऱ्याला नेमकं उत्तर द्यावं असा माझा नियम आहे. "सतरा नोव्हेंबरला. सकाळी."

"आनि आता करताव?"

"चांगला कुंभार मिळत नव्हता."

त्यांनी बारकूभाऊंकडे पाहिलं. "वय काय व्हता?"

"अकरा वर्षं."

"अगं आय गं! आनि झाला कसा?"

"ओट्यावरून पडून. हिच्या हातून." मी सुषमाकडे बोट दाखवलं.

हिराबाई एक पाऊल मागे सरकल्या. सुषमा भिंतीकडे बघत होती. भिंतीशी, बाकीच्या मालापासून वेगळं, एक लहान मडकं राखेवर ठेवलेलं होतं. बाजूला भोक. सुषमाला समजलं. मला नाही.

"अहो, मर्तिकाचं मडकं बनवलंय त्यांनी!" ती ओरडली. "ताई, कुणी गेलं नाही हो! केटली होती! चहाची केटली!"

"केटली न—" मी म्हणालो आणि थांबलो. हिराबाई खाली बसल्या होत्या. तोंडात पदर कोंबून रडतात असं मला वाटलं, पण त्या हसत होत्या.

बारकूभाऊ मात्र माझ्यावर चिडले. "लहान मडका, बाजूला भोक, एकच! दहाव्याला असाच मागतात हो आमच्याकडं! दुसरा कशाला मागंल कोन? आनि तुमी फोनवर हसलंव पन नाय!"

मी फोनवर हसत नाही, हे खरं आहे.

मी ते मडकं मोजलं. काठ साडेतीन मिलिमीटर, सगळीकडे. इतकं नीट काम मी क्वचित पाहिलं आहे. "आता झालंच आहे तर यालाच नळी लावता येईल का?"

"भाजलेल्याला नळी लागतेय व्हय?" बारकूभाऊ म्हणाले. हे मला माहीत नव्हतं. आता आहे. "आनि हा घरात नाय न्यायचा." त्यांनी ते अंगणाच्या कडेला नेऊन फोडलं. तिथून पुढे पाणी आलं, चहा आला, दुधाचा. मी प्यायलो.

मग ते चाकावर बसले आणि मी वही उघडली. "व्यास ब्याण्णव. उंची अडुसष्ट. दांडा—"

"दादा, माती वाळली का बारीक होते. भाजली का आनखी. तुमचा आकडा कुठल्या दिवसाचा?"

मी वही मिटली.

"पकडायची कशी ते दाखवा," ते म्हणाले. मी माझ्या हाताकडे पाहिलं. मी ते पात्र नेहमी दोन्ही हातांनी उचलत आलो, जपून. आणि ओतायची कोण? सुषमा. धुवायची कोण? तीच. रोज, नुसत्या कोमट पाण्याने, साबण न लावता, मी सांगितलं तसं. अकरा वर्षांत चार हजार वेळा धरलेली वस्तू तिच्या हातून एकदा निसटली होती. हा हिशोब मी घरी मांडायला हवा होता.

सुषमा पुढे झाली. तिने हवेत मूठ धरली आणि मनगट वळवलं. "नळी इकडे. अंगठा झाकणावर टेकायचा, नाहीतर झाकण पडतं. हा दांडा पोकळ होता, बोटं इथं." बारकूभाऊंनी ओल्या मातीची नळकांडी तिच्या हातात दिली. तिने दाबली. चार बोटं उमटली.

"आता ऱ्हाऊ द्या तशीच," ते म्हणाले. "जोड मी उद्या देईन."

निघताना हिराबाईंनी सांगितलं, "आधी दोन दिस भाताची पेज भरून ठेवा, ताई. मंग पाझरत नाय." मातीचं भांडं घेणाऱ्या सर्वांनी हे लक्षात ठेवावं. जपानी मंडळीही भाताचंच पाणी वापरतात, हे मी त्यांना सांगितलं.

"त्यांना कुनी शिकवला?" त्या म्हणाल्या.

परतीच्या वाटेवर आम्ही शेणव्यापर्यंत आलो. तिथे सुषमा मागून म्हणाली, "ओट्यावरून पडून. हिच्या हातून." आणि इतकी हसली की मला स्कूटर बाजूला घ्यावी लागली. हसणं ओसरल्यावर मी म्हणालो, "हात कुणाचाही निसटतो." मग ती सापगावच्या पुलापर्यंत पंखा, गॅस सोडून बाकी सगळं बोलली.

तीन आठवड्यांनी भाजीच्या टेम्पोतून, पेंढ्यात गुंडाळलेलं पात्र आलं. व्यास शहाऐंशी. झाकण दोन मिलिमीटर सैल. ओतल्यावर नळीखालून एक थेंब ओघळतो. दांड्यावर सुषमाची चार बोटं आहेत, त्यांत माझी बसत नाहीत, सर्व प्रकारे धरून पाहिलं. त्यामुळे पाच वाजता ओतायला तिलाच बसावं लागतं.

ते धुवायचं काम मी घेतलं आहे. काल धुऊन झाल्यावर तिने बाहेरून विचारलं, "कपाटात ठेवलीत का?"

"नाही," मी म्हणालो. "केटली ओट्यावरच आहे."