खांद्यावरचे दोन तारे

समाधान अजून फौजदार झाला नव्हता. गावाला हे कुणी सांगितलं नव्हतं. मुख्य परीक्षेचा निकाल लागला आणि वाशिमकडच्या त्या गावात ‘साहेबां’चा फ्लेक्स लागला. मैदानी चाचणी बाकी होती, पण तेवढं लिहायला फ्लेक्सवर जागा उरली नव्हती.

पुण्यात शनिवार पेठेतल्या खोलीत समाधान रोज आरशात खांदा बघायचा. खांदा रिकामा दिसायचा. शेवटी तो बिबवेवाडीत साईकडे गेला. साई मोबाइलची कव्हरं विकायचा, मेंदी काढायचा आणि मागणी आली तर टॅटूही. त्यानं उजव्या खांद्यावर फौजदाराचे दोन तारे गोंदून दिले.

खोलीतला मित्र वरद बघतच राहिला. “सुई नवी होती का?”

“साहेबानं असलं विचारणं बरं दिसतं का?”

“अरे, दूषित सुईनं हिपॅटायटिस बी होतो. हा प्रश्न तुला पेपरात होता!”

“मग? बरोबर आलाय माझा.”

खांदा सुजला. समाधाननं हळद थापली आणि गोळाफेकीचा सराव चालू ठेवला. गोळ्याला मार्क होते, सुजेला नव्हते. मग ताप चढला, हात वर जाईना. वरदनं त्याला दवाखान्यात नेलं.

डॉक्टरीणबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. “अहो, आपली नेमणूक कधी झाली?”

“व्हायचीय.”

“मग एवढी घाई कशाची? आत पू झालाय. चीर द्यावी लागेल.”

“मॅडम, तारा वाचेल ना?”

“आधी आपल्याला वाचवू या का?”

एक तारा गेला. रक्त तपासायला गेलं, कावीळ आणि एचआयव्ही दोन्हींसाठी. काही महिन्यांनी पुन्हा द्यायचं होतं. तोवर धाकधूक. गोळ्याला हात लावायचा नाही, असं बाईंनी बजावलं. चाचणी पुढच्याच आठवड्यात होती.

समाधान मैदानावर गेलाच. गोळा डाव्या हातानं फेकला. तो पायाजवळच कुठेतरी पडला. तेवढ्या मार्कांत फौजदारी मिळणार नव्हती, हे त्याला मोजण्याआधीच कळलं.

टेप धरलेले फौजदार जवळ आले. “उजव्याला काय झालं रे?”

समाधानच्या बनियनच्या कडेनं चिकटपट्टी दिसत होती, आणि तिच्या शेजारी उरलेला एक तारा. फौजदारांनी तो नीट पाहिला. मग स्वतःच्या खांद्यावरच्या ताऱ्यांवर चाफ्याचं वाळकं पान पडलं होतं, ते झटकलं.

“अरे बाबा, आम्ही तर घरी गेलो की काढून ठेवतो.”